गुणवत्ता साडेपाचनंतर भेटेल

परवा रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरची पोरगी मोबाइल घेऊन वर आली. "ताई, हे भरू का?" गूगल फॉर्म होता, तिच्या कॉलेजातल्या इकॉनॉमिक्स सोसायटीच्या कोअर टीमचा. नाव, रोल नंबर, इन्स्टाचं हँडल, 'तुम्हाला आमच्यात का यायचंय' हे दोनशे शब्दांत, आणि सगळ्यात शेवटी: 'इव्हेंटच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत थांबू शकाल का?' त्याखाली दोन गोल. हो. नाही.

ती एफवायला आहे. पहाटे साडेपाचला उठते, खांदेश्वरहून गाडी पकडते, मध्ये एकदा बदलते आणि दीड तासानं कॉलेजच्या गेटात पोचते. रात्री नऊला तिथून निघाली तर घरी यायला अकरा. त्या वेळेला स्टेशनबाहेर रिक्षावाला मीटर टाकत नाही (तो कधी टाकतो हाही प्रश्नच आहे) आणि पप्पांची सेकंड शिफ्ट असली तर न्यायला कोणी नाही. हे सगळं दोन गोलांत कुठं बसवायचं ते तिला कळेना.

"भर की," मी म्हणाले.

"नाहीवर टिक केलं तर घेतील?"

"नाही घेणार."

"मग?"

मग काय. तिला चहा दिला, आणि ती खाली गेल्यावर हे लिहायला बसले.

तिचं कॉलेज कॅथलिक आहे. माझंही होतं. दोन्ही वेगळी. नावं लिहीत नाही, कारण माझं भांडण कुठल्या एका गेटाशी नाही, एका सवयीशी आहे, आणि ती सवय मला मैत्रिणींच्या बोलण्यातून बहुतेक नावाजलेल्या कॉलेजांत दिसते. कॅथलिक कॉलेजांबद्दल मुद्दाम लिहितेय ते त्यांच्यावर राग आहे म्हणून नव्हे. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे, आणि ती अपेक्षा करायला त्यांनीच शिकवलंय.

म्हणणं सरळ आहे. आपल्या कॉलेजांतल्या अभ्यासमंडळांनी आणि ऑनर्सच्या याद्यांनी हुशार मुलं निवडायचं केव्हाच सोडून दिलंय. जवळ राहणारी, पटापट इंग्रजी बोलणारी आणि संध्याकाळ मोकळी असलेली मुलं ती निवडतात, आणि त्या तीन गोष्टींच्या बेरजेला हुशारी म्हणतात.

माझी गोष्ट सांगते. २०१९ च्या जूनमध्ये मी एफवायला गेले. वडील कळंबोलीच्या स्टील मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहायचे, अजूनही लिहितात. आई डबे करते. आमच्या घरात 'फादरांचं कॉलेज' या शब्दाला वजन होतं. यादीत नाव लागलं तेव्हा वडिलांनी गाळ्यावर पेढे वाटले आणि मालकानं मला पार्कर पेन पाठवलं. पहिल्याच आठवड्यात नोटीसबोर्डावर सोसायट्यांची पोस्टरं लागली. इकॉनॉमिक्सची, स्टॅट्सची, डिबेटची, लिटररी, फिल्मची. मला वाटलं, हे तर स्वर्गच आहे. आमच्या शाळेत 'विज्ञान मंडळ' नावाची एक गोष्ट होती, ती वर्षातून एकदा २८ फेब्रुवारीला जिवंत व्हायची.

इंटरव्ह्यू झाला. तीन सीनियर होते, तिघंही छान माणसं. (हे लिहायलाच हवं. या गोष्टीत कोणी व्हिलन नाही, म्हणून तर ती इतकी टिकते.) चलनवाढीवर एक प्रश्न, त्याचं उत्तर बरं गेलं. मग विचारलं, राहतेस कुठं? म्हटलं, खांदेश्वर. एकीनं विचारलं, ते नवी मुंबईत येतं का? म्हटलं, पनवेलच्या अलीकडचं स्टेशन. ती मनापासून कळवळली. "ओ माय गॉड, डेली?" आणि मग तिघांनी मिळून मला समजावलं की मीटिंगा साडेपाचला सुरू होतात, कधीकधी आठ वाजतात, आणि माझ्यावर तो ताण टाकणं त्यांना बरोबर वाटत नाही. मला सहानुभूती दाखवून बाहेर काढण्यात आलं. बाहेर आल्यावर मी त्यांना थँक्यूसुद्धा म्हटलं होतं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्या वर्षी माझं खरं मंडळ लेडीज डब्यात भरलं. हार्बरच्या जेन्ट्स डब्यात भजनी मंडळं असतात हे तुम्हाला माहीत असेल. टाळ वाजतात, जागा ठरलेल्या असतात, नवा माणूस आला तर त्याला सरकून जागा देतात. आमच्या डब्यात तसंच एक टोळकं जमलं. मी, मानसरोवरहून चढणारी एक बीएस्सीची आणि नेरूळची एक नर्सिंगची, तिघी तीन कॉलेजांच्या. बीएस्सीवालीनं मला स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवलं, गाडी मानखुर्दच्या पुलावर असताना, वहीच्या मागच्या पानावर. आमच्या मंडळाला लोगो नव्हता, प्रेसिडेंट नव्हता, आणि प्रवेशाची एकच अट होती: त्याच गाडीला यायचं.

मग कोरोना आला, आणि इथं माझ्या मुद्द्याचा पुरावा येतो, कारण तो एक न ठरवता झालेला प्रयोगच होता. २०२० मध्ये कॉलेज झूमवर गेलं. सोसायटीही झूमवर गेली. पोस्टर टाकायला भिंतच नव्हती, तेव्हा लिंक सगळ्यांना गेली. एकाएकी खांदेश्वर आणि कुलाबा एकाच अंतरावर आले. मी प्रत्येक मीटिंगला होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या उधारीवर मी एक निबंध वाचला. मुंबईचा लोखंडाचा घाऊक बाजार सिडकोनं आमच्या शेजारी आणला, पण व्यवहाराची रीत जुनीच राहिली. माल उचलला जातो, काट्यावर वजन होतं, पावती फाटते, आणि पैसे तोंडी ठरलेल्या मुदतीनं येतात. मुदत टळली की व्याज दिवसावर लागतं, पण कुणाला लावायचं आणि कुणाला सोडायचं हे वहीत नसतं, ते वडिलांच्या डोक्यात असतं. लॉकडाऊनमध्ये ती मुदत कशी ताणली, कोणी कोणाला सांभाळून घेतलं, हे मी आठ पानांत लिहिलं होतं. सरांनी कॅमेरा ऑन करून सांगितलं की वर्षभरात ऐकलेल्यातलं हे सगळ्यात ओरिजिनल काम आहे. मग मला को-हेड केलं.

विचार करा. तीच मुलगी. तेच घर, तेच इंग्रजी, बुद्धीत एका वर्षात काही भर पडलेली नव्हती. फक्त मधली गाडी गेली होती.

२० ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रात कॉलेजं पुन्हा उघडली. दोन डोस घेतलेल्यांना लोकल मिळायला लागली होती. सगळे खूश, मीही. आणि सोसायटी सुखरूप आपल्या जुन्या वेळेवर गेली: संध्याकाळी साडेपाच. हायब्रिड ठेवा म्हटलं तर उत्तर आलं, 'त्यात ती व्हाइब येत नाही.' टीवायच्या शेवटी ऑनर्सची यादी लागली, त्यात मार्कांशिवाय प्रत्यक्ष हजेरीचे गुण होते. मार्कांत मी तिसरी होते. यादीत नव्हते.

आता मला कोणी 'कडवट' म्हणण्याआधी माझंही एक सांगून टाकते. को-हेड असताना मी स्वतः ऑनलाइन इंटरव्ह्यू घेतले. मोखाड्याकडचा एक मुलगा होता. त्याचं नेटवर्क चारदा तुटलं. शेवटी तो आवाज-फक्त करून बोलला, आणि त्याच्या मागे कोंबडी ओरडत होती. मी शीटवर 'कम्युनिकेशन' या रकान्यात पाचपैकी दोन लिहिले. ते गुण मी त्याच्या टॉवरला दिले होते. मला ते तेव्हा कळलं नाही. ज्या तिघांनी माझ्याबद्दल कळवळून निर्णय घेतला त्यांनाही कळलं नसणार.

हा प्रकार आला कुठून हे शोधत गेले तर फार जुन्या ठिकाणी पोचले. येशूसंघीयांनी, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्यांनी, १५९९ मध्ये आपल्या शाळा-कॉलेजांसाठी एक नियमावली पक्की केली. 'रॅशियो स्टुडिओरम' तिचं नाव. वर्ग कसा घ्यायचा, बक्षिसं कशी द्यायची, सगळं त्यात आहे, आणि 'अकादमी' नावाच्या मंडळांचे नियमही आहेत. अभ्यासात रस असलेल्या निवडक मुलांनी एका शिक्षकाच्या देखरेखीखाली जमायचं, झालेल्या धड्याची उजळणी करायची, वाद घालायचा, अडलेलं सोडवायचं. बघा, काम काय होतं: उजळणी, वाद, अडचणी. स्पॉन्सर आणणं त्यात नव्हतं. निवड होती, हे मी लपवत नाही. भक्तिमंडळाचा सदस्य असणं ही साधारण अटही होती. पण निवडीचा पाया अभ्यास आणि वागणूक होता.

याहून मोठी गोष्ट म्हणजे १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना शहरात त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी जे पहिलं कॉलेज काढलं, तिथं फी नव्हती. शहरानं आणि दात्यांनी खर्च उचलायचा, शिकणाऱ्यानं फुकट शिकायचं, हा सुरुवातीचा दंडक होता. आज फी आहे, ठीक आहे, पगार द्यावे लागतात, मी भोळी नाही. मात्र ज्या परंपरेनं पैशाचं दार उघडं ठेवून सुरुवात केली, तिच्या कॉलेजात घड्याळाचं दार बंद असावं, हे मला खुपतं.

'ऑनर सोसायटी' हा प्रकार अमेरिकेतून आला. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही पोरांनी 'फाय बीटा कॅपा' काढली. एकत्र बसून वाद घालायला जमलेली पोरं होती ती. गुपित असायचं, हात मिळवायची खास पद्धत असायची, आपण शाळेत करतो तसलंच. पुढे वाद मागे पडला आणि चावीच्या आकाराचं पदक उरलं. मग १९१५ मध्ये मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात, म्हणजे जेझुइटांच्याच विद्यापीठात, 'अल्फा सिग्मा न्यू' निघाली. तिच्या कसोट्या तीन: विद्वत्ता, निष्ठा, सेवा. ऐकायला किती सुंदर. पण मुलींना त्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी संस्था होती, आणि दोन्ही एकत्र व्हायला १९७३ साल उजाडलं. म्हणजे विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा या तिन्ही गोष्टी मुलींना जमतात हे मान्य व्हायला जवळजवळ साठ वर्षं लागली. कोणत्याही यादीकडे बघताना मी आता हाच प्रश्न विचारते: यात कोण नाही, आणि ते नसण्याचं कारण खरंच कसोटीत लिहिलेलं आहे का?

त्याच १९७३ मध्ये, ३१ जुलैला, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइटांचे त्या वेळचे प्रमुख पेद्रो आरूपे माजी विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले. समोर बसलेले लोक युरोपातले सुखवस्तू, नामवंत शाळांतून शिकलेले. त्यांना कौतुक ऐकायचं असणार. आरूपेंनी विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही, असं स्वतःच उत्तर दिलं. 'इतरांसाठी जगणारी माणसं' ही जी ओळ आज जेझुइट कॉलेजांच्या भिंतींवर दिसते, ती या भाषणातून आलेली. ती शाबासकी म्हणून लिहिली जाते. मुळात ती चूक कबूल करताना बोलली गेली होती.

आता मुंबईकडे या. सेंट झेवियर्स १८६९ चं. त्याचा इतिहास वाचताना मला अभ्यासमंडळ म्हणजे काय असू शकतं याची दोन-तीन चित्रं सापडली, आणि ती कुठल्याही फेस्टच्या आफ्टरमूव्हीपेक्षा भारी आहेत. ब्लॅटर नावाचे स्विस फादर. त्यांच्या नावाचं वनस्पतिसंग्रहालय १९०६ पासूनचं, वाळवलेल्या, कागदावर शिवलेल्या झाडांचं. एरास नावाचे स्पॅनिश फादर, त्यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था काढली. सिंधू लिपी वाचायच्या त्यांच्या प्रयत्नांशी आजचे अभ्यासक सहमत असोत-नसोत, पण त्यांनी नाणी, मूर्ती, हस्तलिखितं जमवून मागे ठेवली. आणि सांतापाव, तेही स्पॅनिश. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये आला. खंडाळा म्हणजे आमच्या पनवेलवरून वर चढलं की लागतो तो घाट. ज्या डोंगराकडे आम्ही फक्त पावसाळ्यात भजी खायला जातो, तिथलं एकेक झाड या माणसानं नावानिशी नोंदवलं. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले.

या तिन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे: मागे काहीतरी उरलं. कपाट उरलं, वही उरली, पुढच्याला उघडता येईल असं. आमच्या काळातल्या सोसायटीचं काय उरलं? एक इन्स्टा पेज, ज्याचा पासवर्ड गेल्या बॅचच्या मुलीकडे आहे. तीन स्पीकर सेशन, ज्यांत स्पीकरपेक्षा बॅकड्रॉपवर जास्त मेहनत झाली होती. आणि पन्नासेक सर्टिफिकेटं. आम्ही वर्षभर अर्थशास्त्राच्या नावाखाली इव्हेंट मॅनेजमेंट शिकत होतो. इव्हेंट मॅनेजमेंट वाईट नाही, पण मग ते नाव लावा. त्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबणं लागतं हे मला पटेल. उजळणी, वाद आणि अडचणी यांना रात्रीचे नऊ लागत नाहीत.

झेवियर्समधलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथं पदवीच्या विद्यार्थ्यांना साठ तास समाजात जाऊन काम करणं सक्तीचं असतं. 'सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्राम' म्हणतात त्याला. सक्ती म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण या सक्तीत काय होतं बघा: इंटरव्ह्यू होत नाही. तू सेवा करायच्या लायकीची आहेस का, तुझी व्हाइब जुळते का, असं कोणी विचारत नाही. कुलाब्याच्या पोरानं साठ तास, बदलापूरच्या पोरीनं साठ तास. सगळ्यांनी करायचं असलं की कॉलेजला सगळ्यांची सोय बघावी लागते, गाड्यांच्या वेळासकट. मग मला प्रश्न पडतो: सेवा सगळ्यांसाठी आणि चर्चा निवडकांसाठी, हे कुठून ठरलं? घाम सगळ्यांनी गाळायचा आणि डोकं चालवायला मात्र कोअर टीम?

हे सगळं पूर्वी एका सर्टिफिकेटापुरतं होतं. हळहळून सोडून देता यायचं. आता तसं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात, म्हणजे राज्य सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या निर्णयात, सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह यांच्या रांगेत 'सीसी' असा एक रकाना आहे. मार्कशीटवर येतो तो. चौथ्या वर्षाला 'ऑनर्स' हा शब्द पदवीलाच जोडला जाणार आहे. 'रिसर्चसह ऑनर्स'ला यूजीसीनं निदान लिखित कसोटी तरी घातलीय, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. त्यावर वाद घालता येतो, पण ती गाडीची वेळ विचारत नाही. सीसीचं तसं नाही. त्याचे गुण कोणत्या मंडळात, कोणाच्या सहीनं, किती वाजता मिळणार हे कॉलेज ठरवणार. कॉलेजनं ती व्यवस्था संध्याकाळी साडेपाचच्या सोसायट्यांच्या हातात दिली, तर खांदेश्वर, आसनगाव, विरार, अंबरनाथ ही स्टेशनं थेट मार्कशीटवर छापली जातील.

यावर मला मिळालेली उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं: "अगं, कर्जतहून येणारी एक मुलगी आमच्याकडे प्रेसिडेंट होती." असेल. तिला माझा सलाम. पण एकीनं पोहून नदी ओलांडली म्हणून पूल नको, असं गावात कोणी म्हणत नाही. (पुलावरून आठवलं, आता शिवडीहून न्हावाशेव्याला अटल सेतू आहे. कारचा एका वेळचा टोल २५० रुपये. त्यावरून गाडीनं घरी जाणाऱ्यांना नऊची मीटिंग खरोखरच अडचणीची नसेल.)

दुसरं उत्तर: "सगळ्यांना घेतलं तर काम कोण करणार?" आमच्या सेक्टरच्या गणपती मंडळात या. तिथं भांडणं होतात, वर्गणीवरून अबोला होतो, स्पीकरच्या आवाजावरून दरवर्षी पोलीस येतात. पण मांडव वेळेवर उभा राहतो. 'तू मंडळात का येऊ इच्छितोस' हे दोनशे शब्दांत कोणी लिहून घेतलेलं नाही. जो येतो त्याच्या हातात दोरी देतात. दोन दिवसांत कळतं कोण खरं काम करतो आणि कोण नुसता सेल्फी काढतो.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे, आणि ते मला एका आवडत्या प्राध्यापकांनी दिलं. ते म्हणाले, या संस्था विद्यार्थ्यांच्या आहेत, आम्ही वेळ लादली तर त्यांचं स्वातंत्र्य जाईल. यावर मी बरेच दिवस विचार केला. सर, स्वातंत्र्य जातं हे खरं आहे. पण आधी ते होतं कोणाचं? खोली तुमची, नोटीसबोर्ड तुमचा, सही तुमची, आणि यादी ऑडिटोरियममध्ये वाचून दाखवता तेव्हा मंचावर तुम्ही असता. ज्याला तुमचं नाव लागतं त्याचे नियम तुम्ही बघायला नकोत का?

भाषेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागले तर दुसरा लेख होईल. इकॉनॉमिक्सवाल्यांनी नाकारल्यावर मला दोघांनी सांगितलं, "तू मराठी वाङ्मय मंडळात का जात नाहीस? तिथं तुमचे खूप लोक आहेत." तुमचे लोक! मला मराठी मंडळाचा अभिमान आहे, तिथं मी पुढे नाटकाचे कपडेही इस्त्री केले. पण मला अर्थशास्त्रावर बोलायचं होतं. इंग्रजी अडखळलं की माणूस विषयासकट मराठी मंडळात ढकलला जातो, जणू मराठीत फक्त कविता करता येते. आणि हे कॅथलिक कॉलेजात व्हावं याची मला गंमत वाटते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, मराठी ओव्यांमध्ये. 'निरोप्या' हे मराठी मासिक जेझुइटांनी १९०३ मध्ये सुरू केलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्मज्ञान मराठीत मांडता आलं, तर चलनवाढीवरचा मुद्दा अर्ध्या मराठीत मांडणाऱ्या पोरीला पाच मिनिटं देता येतील.

मला काय हवंय? सोसायट्या बंद करायच्या नाहीत. आठवड्यात एक तास टाइमटेबलमध्येच मोकळा ठेवा, दुपारी, आणि अभ्यासमंडळं त्याच तासात भरवा. जो आला तो सदस्य, इंटरव्ह्यू नाही. फेस्टच्या टीमला रात्री थांबायचं असेल तर ती टीम वेगळी, तिचं नाव वेगळं, आणि सीसीचे क्रेडिट तिच्यावर अवलंबून नकोत. वर्षाअखेरी मंडळानं एक वस्तू मागे ठेवावी: एक सर्वेक्षण, एक अनुवाद, एक नोंदवही, काहीही, पण लायब्ररीत क्रमांक लागेल असं. आणि ऑनर्सची यादी लावताना तिच्याखाली कसोटी छापा, गुणांसकट, म्हणजे जो यादीत नाही त्याला कळेल की तो कशात कमी पडला. माझ्या यादीखाली तेवढं छापलं असतं, तर 'खांदेश्वर' हा शब्द छापावा लागला असता, आणि तो छापायला त्यांना लाज वाटली असती.

फीवाल्या ऑनर सोसायट्यांबद्दलही दोन शब्द. हल्ली मेल येतात: अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, आजीव सदस्यत्वासाठी अमुक डॉलर भरा. खालच्या पोरीला असाच एक मेल आला होता आणि ती हुरळली होती. मी तिला एवढंच सांगितलं की कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार, त्यांनी तुझं नाव पाठवलं होतं का. त्यांनी पाठवलं नव्हतं. जिथं खऱ्या मंडळाचं दार बंद असतं, तिथं असली दुकानं चालतात. पोरांना कुठेतरी निवडलं जायचं असतं हो.

काल संध्याकाळी ती पुन्हा वर आली. फॉर्म भरून टाकला होता. नऊपर्यंत थांबण्याच्या प्रश्नावर 'नाही'ला टिक केली होती. दोनशे शब्दांच्या चौकटीत तिनं तीनच ओळी लिहिल्या होत्या: मला चलनविषयक धोरण समजून घ्यायचंय, मीटिंग दुपारी एकला ठेवली तर मी डबा घेऊन येईन, आणि माझ्या वर्गात अशा आणखी अकरा जणी आहेत. त्या अकरा जणींची स्टेशनंही लिहिली होती, टिटवाळ्यापासून.

"अकरा कशा मोजल्यास?" मी विचारलं.

"वर्गाच्या ग्रुपवर पोल टाकला," ती म्हणाली. आणि मग, "तुमचा तो उधारीवरचा निबंध आहे का अजून? त्या वाचायला मागतायत."

पीडीएफ शोधायला मला अर्धा तास लागला. जुन्या लॅपटॉपमध्ये होती.